मैदानप्रमुख वैरागडे

आमच्या शेजारचे वैरागडे कुणाच्याही घरात शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबतात, उजवा हात डोक्यावर नेतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, “आत.” मग शिरतात. निघताना पुन्हा हात वर आणि “बाहेर.” आमच्याकडे त्यांनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, मागून कुणी पाहुणे येताहेत आणि हे त्यांना बोलावताहेत. तिने दोन कप चहा जास्तीचा टाकला. तो शेवटी मीच प्यायलो.

हे वेड नाही, नियम आहे, असं वैरागड्यांचं म्हणणं. जगात म्हणे दोन दोऱ्यांच्या पतंगाची स्पर्धा असते. आपला पतंग एका दोरीवर चढतो आणि दुसऱ्याचा कापायच्या मागे लागतो. हा तसा नाही. त्याच्या दोन पंखांना दोन दोऱ्या, प्रत्येक हातात एक. डावा हात ओढला की पतंग डावीकडे वळतो, उजवा ओढला की उजवीकडे, दोन्ही सारखे धरले की सरळ. उडवणाऱ्याला पायलट म्हणायचं. पायलटने आभाळात चौकोन काढायचा, वर्तुळ काढायचं, पतंग हवेतच थबकवून दाखवायचा आणि परीक्षकांनी खाली खुर्चीत बसून गुण द्यायचे. सुरुवात करताना पायलटने “आत” म्हणून ओरडायचं आणि संपवताना “बाहेर”. या दोन आरोळ्यांच्या मधलं तेवढंच धरायचं. आधी किंवा नंतर पतंग चिखलात नाक खुपसून पडला तरी परीक्षकांनी तिकडे बघायचं नाही.

वैरागड्यांना हा नियम इतका आवडला की तो त्यांनी संसाराला लावला. एकदा आमच्या सोफ्यावर त्यांनी वाटीभर चिवडा सांडला. मी काही बोलायच्या आत शांतपणे म्हणाले, “बाहेर झालं होतं,” आणि निघून गेले. घरी भांडणात स्वतःचं म्हणणं मांडून झालं की हात वर करून “बाहेर” म्हणतात. त्यानंतर बायको जे बोलेल ते धरायचं नाही. ज्योत्स्नावहिनी पोळ्या लाटता लाटता उत्तर देतात, “तुमचं झालं असेल बाहेर. माझं आता कुठे आत होऊन राहिलं.” मग पुढचा बराच वेळ भिंतीपलीकडून फक्त वहिनींचाच आवाज येतो.

वैरागडे मूळचे नागपूरचे. इकडे हिंदी मुलखात येऊन इथल्या मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाले आणि बाग सेवनियात आमच्या शेजारी घर बांधलं. उंच, जरासे वाकलेले, गळ्यात कायम शिट्टी. आणि त्यांच्याइतका भित्रा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. कुकरची वाफ कोंडू लागली की ते स्वयंपाकघरातून उठून अंगणात जातात. लिफ्टमध्ये शिरण्याआधी वजनाची पाटी वाचतात आणि मग आतल्या लोकांकडे एकेक करून बघतात. जाडी माणसं ओशाळून उतरतात. गाडी त्यांनी कधी चालवली नाही. लग्न झाल्यापासून स्कूटर वहिनी चालवतात आणि हे मागे, दोन्ही हातांनी सीट पकडून, डोळे गच्च मिटून. अलीकडे सिग्नलला गाडी थांबली की डोळे न उघडताच विचारतात, “मैदान सुरक्षित?” पतंग जमिनीवरून उचलण्याआधी हे विचारायचं असतं. वहिनींनी “सुरक्षित” म्हटल्याशिवाय यांचा श्वास सुटत नाही.

वहिनींना मात्र भीती कशाशी खातात हे माहीत नाही. मंडीदीपला एका औषधांच्या कारखान्यात त्या प्रयोगशाळेत आहेत. रोज स्कूटरवर जातात, रोज येतात, ट्रकवाल्यांशी चालत्या गाडीवरून भांडतात. वैरागडे संध्याकाळी फाटकाशी उभे राहून त्यांची वाट बघतात आणि स्कूटर वळणावर दिसली की घाईघाईने आत जाऊन पेपर वाचत बसतात. माझी मुलगी ईशा कॉलेजात जाते. ती त्यांची हुबेहूब नक्कल करायची. न्हाणीघरात शिरतानासुद्धा हात वर करून “आत” म्हणायची. आम्ही हसून लोळायचो. शेजारी असा माणूस असला की टीव्हीची गरज राहत नाही.

पण या सगळ्याची सुरुवात तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला झाली, आणि ती आठवली की आमचं हसणं थोडं कमी होतं. त्या संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा मी त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो. त्यांनी हेल्मेट काढायला हनुवटीखाली हात नेला, तर पट्टा जवळजवळ तुटलेला. ब्लेडने कापावा तसा. आमच्याच गल्लीत कुणाचा तरी कटलेला पतंग एका गच्चीवरून सुटून समोरच्या गच्चीवर अडकला होता आणि त्याचा मांजा रस्त्यावर आडवा आला होता. हनुवटीखाली काहीतरी ओढलं गेलं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला, एवढंच. “पट्टाच तर गेला ना बाप्पा,” म्हणत त्या चहा टाकायला आत गेल्या.

वैरागड्यांनी हेल्मेट मांडीवर घेतलं. पट्ट्याच्या चिरेवरून बोट फिरवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवून बघितलं. “दोन बोटं खाली,” ते मला म्हणाले. हल्लीचा मांजा आपल्या लहानपणचा सुती नाही. तो तुटत नाही, समोरचंच तोडतो. विकायला बंदी आहे आणि मिळतो सगळीकडे. संक्रांतीच्या आगेमागे पोलिसांची गाडी भोंग्यावरून सूचना देत जाते आणि तिच्या डोक्यावरूनच पतंग उडत असतात. दुचाकीवरून गेलेल्या कुणाचं काय झालं हे इथे प्रत्येकाला ऐकून माहीत आहे, आणि चहा पिताना कुणी त्याबद्दल बोलत नाही.

त्यानंतर वैरागडे वहिनींच्या मागे लागले. नोकरी सोड म्हणाले, कंपनीच्या बसने जा म्हणाले, निदान जानेवारीपुरती रजा घे म्हणाले. वहिनींनी एकही गोष्ट ऐकली नाही. मग त्यांनी लोखंडी तार वाकवून स्कूटरच्या हँडलला कमान बसवली, डोक्याच्या वरपर्यंत जाणारी. मांजा आला तर तारेवर अडेल, गळ्यावर नाही. इकडे बरेच लोक अशी कमान लावतात. वहिनींना ते काही पटलं नाही. मी काय मांडव घेऊन फिरू, असं त्या म्हणाल्या आणि रोज सकाळी ती कमान कोपऱ्यावरच्या पानटपरीत उतरवून ठेवू लागल्या, येताना पुन्हा लावायच्या. एक दिवस वैरागडे सुपारी आणायला गेले आणि त्यांना आपली कमान टपरीत दिसली. टपरीवाल्याने तिच्यावर गुटख्याच्या पाऊचच्या माळा लटकवल्या होत्या.

ते चिडले नाहीत. संध्याकाळी माझ्याकडे आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, “ती थांबणारी बाई नाही. आता आभाळच खाली घ्यावं लागेल.”

मला वाटलं, बिचाऱ्यांचं डोकं फिरलं. पण ते अहमदाबादला भाच्याकडे जाऊन आले ते दोन दोऱ्यांचा पतंग, त्याचे सगळे नियम आणि ही सगळी भाषा घेऊनच. त्या पतंगाच्या दोरीला काच नसते, ती गुळगुळीत असते. तिची दोन्ही टोकं पायलटच्या हातात असतात, त्यामुळे पतंग कटून कुठे जात नाही आणि दोरी रस्त्यावर पडत नाही. जुन्या छत्र्यांच्या कापडाचे तसे पतंग त्यांनी स्वतः शिवले. पायलटच्या समोर आभाळाचा जो तुकडा असतो, जिथे पतंगाला वारा मिळतो, त्याला ते ‘खिडकी’ म्हणू लागले. खिडकीच्या मध्यावर पतंग जोरात ओढतो, कडेला गेला की मलूल होतो. हे ते इतक्या वेळा समजावून सांगत की शेवटी मला माझ्या साहेबाच्या केबिनमध्येही कडेला उभं राहायची सवय लागली. स्वतः मात्र त्यांनी पतंग एकदाही उडवला नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, “ओढून नेला मला तर?”

मग त्यांनी संक्रांतीच्या संध्याकाळी कॉलनीच्या मैदानावर स्पर्धा जाहीर केली. मैदानप्रमुख ते स्वतः आणि परीक्षक मी, कारण मला नाही म्हणता येत नाही. पहिलं बक्षीस गाणी वाजवायचा मोठा स्पीकर आणि तिळाच्या लाडवांचा डबा. प्रवेशाची अट एकच: आपापल्या मांजाच्या चक्र्या परीक्षकांच्या टेबलाखाली जमा करायच्या, स्पर्धा संपल्यावर परत मिळतील. स्पर्धेची वेळ बरोबर वहिनींची गल्लीत शिरायची. मी म्हटलं, अहो, मंडीदीपपासून इथवर रस्ताभर किती कॉलन्या आहेत, त्यांचं काय करणार? ते म्हणाले, “तिथेही असेलच ना कुणी माझ्यासारखा घाबरट. आपली गल्ली आपण बघायची.”

पोरं आली ती स्पीकरसाठी. त्यांचा म्होरक्या पिंटू तिवारी, कॉलेजात जाणारा, कॉलनीतला पहिल्या नंबरचा पेच लढवणारा. पहिल्या वर्षी जोडीच्या फेरीत त्याच्या आणि दुसऱ्या एका मुलाच्या दोऱ्या हवेत एकमेकींवर चढल्या. दोघांनीही जन्माच्या सवयीने सपासप ओढ दिली आणि दोघेही एकदमच “वो काटा” म्हणून नाचू लागले. वर काहीच कटलं नव्हतं. दोन्ही दोऱ्यांना पीळ पडला होता आणि तशा पिळातच दोन्ही पतंग मजेत घिरट्या घालत होते. दोघेही तोंड उघडं टाकून वर बघत राहिले. वैरागड्यांनी भोंग्यावरून सांगितलं, की नियमाप्रमाणे दोघेही चालू आहेत, नाचल्याबद्दल मात्र गुण कापले जातील. तेवढ्यात वहिनी आल्या, लाडू घेतला, घरी गेल्या. वैरागड्यांनी लगेच स्पर्धा संपल्याची शिट्टी वाजवली. अंतिम फेरी व्हायची होती.

आता यंदाचं सांगतो. यंदा दुपारपासून मैदानावर गर्दी होती. फेऱ्या छान झाल्या. ऊन उतरलं, समोरच्या गच्च्या पिवळ्या झाल्या, आणि वहिनींची वेळ आली तसे वैरागडे टेबल सोडून मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले. वहिनी आल्या नाहीत. अंतिम फेरी झाली. पिंटू जिंकला. वहिनी आल्या नाहीत. मी म्हटलं, फोन करा. वैरागडे माझ्या अंगावर आले. गाडीवर असताना फोन वाजला तर ती खिशात हात घालेल, एका हाताने गाडी चालवेल, आणि नेमकी तेव्हाच... फोनही करता येत नव्हता.

वारा पडला होता. गच्चीवर मात्र अजून चांगला असणार, हे पिंटूला दिसत होतं. “अंकल, चक्री दे दो. अँधेरा होने से पहले एक-दो पेच लड़ा लें,” तो म्हणाला आणि बाकीचे त्याच्यामागे उठले. वैरागड्यांनी आधी वाऱ्याची तपासणी जाहीर केली. बोट ओलं करून बराच वेळ उभे राहिले. मग परीक्षकांची चर्चा जाहीर केली. परीक्षक मी एकटाच असल्यामुळे मी स्वतःशीच ओठ हलवत बसलो. मग पिंटूच्या विजयावर हरकत नोंदवली आणि स्वतःच फेटाळली. पोरं हसत होती, पण त्यांची नजर टेबलाखाली होती. माझं हसू केव्हाच गेलं होतं. मला राहून राहून हेल्मेटचा तो कापलेला पट्टा दिसत होता.

शेवटी त्यांनी भोंगा तोंडाला लावला. “मी मैदानप्रमुखपदाचा राजीनामा देत आहे,” ते म्हणाले. “यापुढे मैदानप्रमुख हे. आणि शेवटचा पायलट मी.”

त्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात घातली, चपला काढल्या आणि दोन्ही मुठींत दोऱ्यांचे पट्टे अडकवले. ज्या माणसाने आयुष्यात कुकरजवळ उभं राहायचं धाडस केलं नाही तो मैदानाच्या मध्यभागी उभा होता. हात वर करता येत नव्हता म्हणून नुसतंच ओरडले, “आत.” पतंग उठला, जेमतेम माणसाच्या उंचीवर गेला आणि नाकावर आपटला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी धावत जाऊन पतंग उभा केला. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. वारा नव्हता, म्हणून वैरागडे उलटे पळू लागले. धोतऱ्याच्या झुडपात बसले, उठले, पुन्हा पळाले. पोरं पोट धरून हसायला लागली. कुणी मोबाइलवर शूटिंग करू लागलं. एकही जण गच्चीकडे गेला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते “बाहेर” म्हणणार नाहीत. पायलट “बाहेर” म्हणत नाही तोवर फेरी संपत नाही आणि फेरी संपत नाही तोवर टेबलाखालच्या चक्र्या हलत नाहीत. सगळ्या कॉलनीसमोर हसं करून घेत तो म्हातारा आभाळ अडवून उभा होता. डोळे पतंगाकडे नव्हतेच, रस्त्याकडे होते. मला इतकी भीती वाटत होती की पतंग उभा करताना माझ्याही हातातून तो दोनदा निसटला.

वहिनी आल्या तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. मिसरोदच्या पुढे लग्नाच्या वरातीने रस्ता अडवला होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. मैदानाच्या कडेला स्कूटर लावून त्या जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या. हसणारी पोरं, टेबलाखालचा चक्र्यांचा ढीग, अनवाणी, मातीने माखलेला नवरा. मग सरळ चालत त्यांच्याजवळ गेल्या. वैरागड्यांनी त्यांना पाहिलं आणि पतंग पडला तो पडलाच. पण पट्टे सुटेनात. मुठी इतक्या आवळल्या गेल्या होत्या की बोटं उघडत नव्हती. वहिनींनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट सरळ करत गेल्या. “आले ना मी,” त्या म्हणाल्या. “आले ना.” त्यांच्या तोंडून एवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. एरवी भिंतीपलीकडून येतो तो आवाज हा नव्हता.

वैरागडे तिथेच जमिनीवर बसले. पिंटू टेबलाखाली वाकला. मी सुटलो एकदाचा, असं मनात म्हणत शिट्टी तोंडात धरली. तेवढ्यात वैरागड्यांनी माझ्या पँटला धरून मला खाली ओढलं.

“ईशा आली?” त्यांनी विचारलं.

ईशा आनंद नगरला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेली होती, स्कूटर घेऊन. अंधार पडायच्या आत येते म्हणाली होती. संपूर्ण संध्याकाळ मी तिथे उभा होतो आणि मला ते एकदाही आठवलं नव्हतं. त्यांना आठवत होतं. मी फोन बाहेर काढला, तिचं नाव समोर आणलं आणि तसाच परत खिशात ठेवला. शिट्टी तोंडातच राहिली.

“स्पर्धा संपलेली नाही,” वैरागडे बसल्या जागेवरून पिंटूला म्हणाले. पिंटूने चक्री हातात घेऊनच विचारलं, की अब कौन बचा है अंकल? वैरागड्यांनी पट्टे उचलायचा प्रयत्न केला, पण बोटं वळेनात. मी पट्टे घ्यायला गेलो, पण माझी मान सारखी रस्त्याच्या वळणाकडेच वळत होती.

वहिनींनी पर्स माझ्या टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि पट्टे मनगटात अडकवले. त्यांना एकही नियम माहीत नव्हता. “आंटी उड़ाएँगी?” म्हणत पोरं परत खाली बसली आणि पिंटूने चक्री ठेवून पतंग उभा करायला धाव घेतली.

वारा परत सुटला आणि पतंग चढला म्हणे. चांगला वरपर्यंत गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला ते सांगता येणार नाही. मैदानप्रमुख मी होतो, परीक्षकही मीच होतो, आणि मी रस्त्याच्या वळणाकडे तोंड करून उभा होतो. वैरागडे उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ईशाची स्कूटर वळणावर दिसेपर्यंत आम्ही दोघांनीही एकदासुद्धा वर बघितलं नाही.